पाव निवर्तन जमीन आणि बारा हात घर

आमच्या कोल्हापूर भागातल्या कुठल्याही गावात जा आणि पारावर बसलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, "गावाचा इतिहास काय हो?" उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. शिवाजी महाराज पन्हाळ्याकडे जाताना इथं थांबले होते, नाहीतर ताराराणींच्या फौजेचा तळ इथं पडला होता, नाहीतर शाहू महाराज शिकारीला आले तेव्हा आमच्या आज्जीच्या हातची भाकरी खाऊन गेले. यातलं काही खरं असेल, काही नसेल. माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. माझी तक्रार अशी की गावाच्या इतिहासात गावच नसतं! कुणीतरी मोठा माणूस घोड्यावरून येतो, पाणी पितो आणि निघून जातो. तो यायच्या आधी आणि गेल्यानंतर गाव काय करत होतं, हे कुणी विचारत नाही.

हल्ली यात्रेच्या निमित्ताने गावोगावी स्मरणिका निघतात. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, निम्मी पानं जाहिराती आणि शुभेच्छांची. 'आमच्या गावाचा इतिहास' असं एक पान असतंच. मी अशा स्मरणिका हौसेने गोळा करतो. त्या एका पानात रामायण असतं, पांडव असतात, मग एकदम शिवकाळ येतो आणि शेवटच्या परिच्छेदात दूध संस्था. मधल्या हजारभर वर्षांचं काय झालं? त्या काळातही इथं माणसं राहत होती, नांगर धरत होती, जनावरं वळत होती, बांधावरून भांडत होती. पण त्यांच्यावर एक ओळसुद्धा नाही.

कुणी म्हणेल, साहेब, पुरावाच नाही तर लिहिणार काय? तर मंडळी, पुरावा आहे. आज त्यातल्याच एका दगडाबद्दल लिहायचं आहे.

कागल तालुक्यात बामणी नावाचं गाव आहे. तिथल्या जैन मंदिराच्या दाराशी असलेल्या एका शिळेवरचा लेख फ्रान्झ कीलहॉर्न या जर्मन पंडिताने वाचला. हे गृहस्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बरीच वर्षं संस्कृत शिकवत होते. 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडात त्यांनी हा लेख छापला. पुढे वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सगळे लेख एकत्र केले, त्या १९७७ च्या ग्रंथातही तो आहे. म्हणजे गुपित असं काही नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हा लेख छापील स्वरूपात उपलब्ध आहे. फक्त गावात कुणी तो वाचलेला नसतो.

लेख शक १०७३ चा. भाद्रपद पौर्णिमा, शुक्रवार, चंद्रग्रहण. इंग्रजी हिशोबाने ८ सप्टेंबर ११५०. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा या मुलखावर राज्य करत होते. गादीवर होता विजयादित्य, गंडरादित्याचा मुलगा आणि पन्हाळ्याच्या प्रसिद्ध दुसऱ्या भोजाचा बाप. मडलूर नावाच्या गावात चोधोरे कामगावुंड नावाच्या माणसाने पार्श्वनाथाचं मंदिर बांधलं होतं. विजयादित्याचा मामा सामंत लक्ष्मण याने राजाकडे शब्द टाकला आणि राजाने त्या मंदिराला दान दिलं.

आता दान केवढं? राजाचं दान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावंच्या गावं आणि हत्ती-घोडे येतात. प्रत्यक्षात दिलं ते असं: कुंडी मापाने पाव निवर्तन शेत, तीस स्तंभ मापाची फुलबाग आणि बारा हात मापाचं घर. बास. बारा हात म्हणजे दीड फुटाचा हात धरला तर अठरा फूट. आजच्या वन रूम किचनमध्ये बसेल एवढं. हा राजाचा दगड!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. कारण हा लेख वाचताना आपल्याला जे आठवतं ते काव्य किंवा पुराण नव्हे, तर तलाठ्याचं दप्तर. फेरफाराची नोंद जशी असते तशी ही नोंद आहे. जमीन कुठल्या गावची, क्षेत्र किती, कोणत्या मापाने, कुणी दिली, कुणाच्या सांगण्यावरून, कुणाच्या ताब्यात, कशासाठी आणि कोणत्या दिवशी. आपल्याकडे गाव नमुना सहामध्ये साधारण हेच लिहितात. फरक एवढाच की ही नोंद दगडावर आहे आणि तिला पावणेनऊशे वर्षं झाली.

या नोंदीतली प्रत्येक गोष्ट बोलते, फक्त ऐकणारा पाहिजे. 'कुंडी मापाने' हे दोन शब्दच घ्या. कुंडी म्हणजे सौंदत्ती-बेळगावकडचा मुलूख, तिथे रट्टांचं राज्य. शिलाहारांच्या राज्यातली जमीन शेजारच्या मुलखाच्या काठीने मोजली जात होती. आणि ते मुद्दाम लिहावं लागत होतं, कारण काठी बदलली की निवर्तन बदलणार. आपल्याकडे पुढे वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर असं कोष्टक आलं. तरी काठी कुणाची, हा वाद काही संपला नाही. मोजणीच्या दिवशी बांधावर उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा!

दुसरी गंमत. याच विजयादित्याचा याआधीचा एक लेख आहे, १ फेब्रुवारी ११४३ चा, तोही चंद्रग्रहणाचा. सामंत कामदेवाचा पानसुपारीचा डबा सांभाळणारा वासुदेव नावाचा सेवक, त्याने हाविन-हेरिलगे गावात पार्श्वनाथाचं मंदिर बांधलं. त्या मंदिरालाही दान दिलं, पाव निवर्तन शेत आणि बारा हात घर! गाव वेगळं, बांधणारा वेगळा, सामंत वेगळा, पण आकडे तेच. म्हणजे एका लहान गावातलं लहान देऊळ चालवायला किती लागतं याचा काहीतरी ठरलेला हिशोब असणार, असं मला वाटतं. आज शासन निर्णयात जसा 'प्रति लाभार्थी इतकं क्षेत्र' असा कॉलम असतो, तसा. राजेरजवाड्यांच्या लढायांपेक्षा मला हा हिशोब जास्त काही सांगून जातो. देऊळ बांधणारा एकीकडे गावचा गावुंड आणि दुसरीकडे सामंताचा डबेवाला नोकर, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

आता माणसं. कामगावुंड हा गावुंड, म्हणजे गावचा प्रमुख, पुढच्या भाषेत पाटील. सीमाभागात गौडा म्हणतात तो हाच शब्द. त्याच्या बापाचं नाव सणगमय्य, आईचं चंधव्वा, बायकोचं पुन्नकब्बा, मुलं जेंतगावुंड आणि हेम्मगावुंड. तीन पिढ्यांचं एक पाटील घराणं, बायकांच्या नावासकट! मी गोळा केलेल्या स्मरणिकांमध्ये सरपंचांच्या याद्या आहेत, चेअरमनांच्या याद्या आहेत, पण कुणाच्या आईचं नाव मला कधी सापडलं नाही. ११५० साली मात्र ते दगडावर कोरलं गेलं. आणि ही नावं परकी वाटतात का? गडहिंग्लज, कागलकडच्या जुन्या पिढीतल्या गंगव्वा, निंगव्वा, तायव्वा आठवून बघा. तो 'अव्वा' नऊशे वर्षांपूर्वीचा आहे.

दान देताना आचार्यांचे पाय धुऊन हातावर पाण्याची धार सोडली, असं या लेखांत येतं. 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणं' असं आपण रोज म्हणतो ना, त्या पाण्याचा उगम हा असा. दिलेली वस्तू परत मागायची नाही याची ती खूण.

इथपर्यंत सगळं छान. आता जे दगडावर नाही त्याबद्दल.

सातबाऱ्यात दोन नमुने असतात. सात म्हणजे मालकी हक्काचा, बारा म्हणजे पिकांचा. बाराच्या उताऱ्यात जमीन कोण कसतं त्याचा कॉलम असायचा. बामणीच्या दगडावर सात आहे, बारा नाही! राजा आहे, त्याचा मामा आहे, गावुंड आहे, त्याचं घरदार आहे, आचार्य अर्हनंदी आहेत, त्यांचे गुरू माघनंदीसुद्धा आहेत. पण त्या पाव निवर्तन शेतात औत कुणी धरलं? यती तर नांगर धरणार नाहीत. फुलबागेला पाणी कुणी शेंदलं? ९ सप्टेंबरला सकाळी त्या शेतात जो कुळवाडी गेला असेल त्याच्या दृष्टीने काय बदललं? खंड राजाऐवजी देवाला. बाकी उन्ह तेच, ढेकळं तीच. त्याचं नाव कागदावर यायला इथून पुढे आठशे वर्षं जावी लागली. १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानलं गेलं. गावाचा मध्ययुगीन इतिहास लिहायचा तर या गाळलेल्या कॉलमचाही लिहावा लागेल. नाहीतर आपण पुन्हा घोड्यावरच्या माणसाच्या जागी गावुंडाला बसवू, आणि गाव पुन्हा बाहेरच.

हेच दुखणं जगात इतरत्र लोकांनी कसं हाताळलं ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये खेडं म्हणजे बहुधा एखाद्या सरदाराचं मॅनर. गाव त्याच्या मालकीचं, कुळांनी आठवड्यातले ठराविक दिवस त्याच्या खाजगी शेतात फुकट राबायचं. १०८६ साली विल्यम राजाने 'डूम्सडे बुक' नावाची मोठी पाहणी करवून घेतली. त्यात कुठल्या गावात किती नांगर, किती कुळं, किती गिरण्या याची नोंद आहे. पुढे मॅनरच्या कचेरीचे कागद आले. कुणाचं जनावर कुणाच्या पिकात घुसलं, कुणी मापात मारलं, कुठल्या बाईने ठरलेल्या भावापेक्षा महाग दारू विकली, त्याबद्दल किती दंड... सगळं लिहिलेलं. तो दंड वसूल करण्यासाठीच लिहिलेलं, इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. पण त्यामुळे गरिबाचं नाव राहिलं.

आणि कागद जिथे संपतात तिथे त्यांनी कुदळ घेतली. यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचं एक ओसाड गाव आहे. पंधराव्या शतकाच्या शेवटाला मेंढ्यांच्या कुरणासाठी ते मोकळं झालं आणि एक पडकं चर्च तेवढं उभं राहिलं. १९५० पासून १९९० पर्यंत, दर उन्हाळ्यात, चाळीस वर्षं तिथे उत्खनन झालं. सोनं सापडेल म्हणून नाही. सामान्य माणसाचं घर केवढं होतं, तो काय खात होता, चूल कुठे होती, हे कळावं म्हणून!

आपल्याकडे? करवीर तालुक्यातलं बीड हे गाव पेपरात येतं ते पावसाळ्यात मातीतून सोन्याची बारीक जुनी नाणी वर येतात म्हणून. त्याच परिसरातल्या वीरगळांची बातमी किती वेळा वाचली? वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाचा स्मृतिदगड. खाली लढाई, मध्ये अप्सरा त्याला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा. कित्येक दगडांवर गाई कोरलेल्या असतात. गावची जनावरं कुणी पळवून नेत होतं आणि ती सोडवताना हा पडला. याच्याइतका गावाचा माणूस दुसरा कोण असेल? बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. आपण त्याला शेंदूर फासून म्हसोबा केलं, नाहीतर कपडे धुवायला ओढ्यावर नेऊन टाकलं. आणि गुप्तधनाच्या नादाने खणून फोडले ते वेगळेच.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र नास्तिकांनी किंवा चोरांनी केलेलं नाही. ते भक्तांनी केलं आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो. जीर्णोद्धार! माझ्या पाहण्यातल्या एका गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ होतं. गळतं म्हणून वर्गणी काढली, जेसीबी आला, आणि वर्षभरात तिथे स्लॅब, ग्रॅनाइट आणि बाथरूमला लावतात तसल्या टाइल्स. जुने कोरीव दगड भरावात गेले. एका दगडावर 'काहीतरी जिलेबीसारखं' कोरलेलं होतं, असं मिस्त्रीने मला सांगितलं. आपल्या भागात जिलेबीसारखं म्हणजे हळेकन्नड लिपी. त्यावर काय लिहिलं होतं हे आता कुणालाच कळणार नाही.

आणि यातला खरा विनोद, किंवा जे काही असेल ते, आता सांगतो. विजयादित्याने पाव निवर्तन जमीन कशासाठी दिली? लेखात तीन कारणं आहेत. देवाची अष्टविध पूजा, तिथे राहणाऱ्या यतींचं जेवण आणि देवळाच्या 'खंड-स्फुटित' भागांचा जीर्णोद्धार. शब्द जीर्णोद्धारच आहे! खंड म्हणजे तुटलेलं, स्फुटित म्हणजे तडकलेलं. जे तुटलं, तडकलं ते सांधायचं आणि त्यासाठी कायमची सोय म्हणून जमीन लावून द्यायची. त्या माणसांना ठाऊक होतं की देऊळ एकदा बांधून भागत नाही, ते दरवर्षी थोडं थोडं दुरुस्त करावं लागतं. आपण पन्नास वर्षं गळू देतो आणि मग एकदम पाडतो. शब्द तोच राहिला, अर्थ उलटा झाला.

देऊळ गळतं तर माणसांनी भिजायचं का, असा सवाल मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. दुरुस्ती झालीच पाहिजे. गावाला सभामंडप हवा, संडास-बाथरूम हवं, लग्नाला जागा हवी. माझं मागणं लहान आहे. पाडण्याआधी फोटो काढा. अक्षर असलेला दगड भरावात घालू नका, त्याच्यावर ऑइलपेंट मारू नका, भिंतीशी उभा करून ठेवा. वर्गणीच्या पावतीपुस्तकाइतकी काळजी त्याची घ्या. शिवाजी विद्यापीठात, पुरातत्त्व खात्यात, गावोगाव हिंडणाऱ्या हौशी मंडळींत तो वाचणारं कुणीतरी भेटतं. आता तर खिशातल्या मोबाइलवर फोटो पाठवायला मिनिटही लागत नाही.

एक नाजूक मुद्दा राहिला. बामणीच्या लेखाची भाषा संस्कृत, पण लिपी जुनी कानडी. या भागातले कित्येक लेख भाषेनेही कानडीच आहेत. इकडे देवनागरीचं चलन यादवांबरोबर वाढलं. १२१२ च्या सुमाराला सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पाडाव केला आणि लगोलग खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात त्याचा देवनागरीतला दानलेख लागला. म्हणून काही मंडळी कानडी दगड दिसला की गप्प बसतात. उगाच सीमाप्रश्नात कुणाच्या हातात कोलीत नको! मला हे पटत नाही. सीमाप्रश्न १९५६ चा आहे, दगड ११५० चा. चंधव्वाच्या नातवंडांनी पुढे मराठी बोलायला सुरुवात केली, यात लाजण्यासारखं काय आहे? ज्या गंडरादित्याने आपल्या तळ्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची देवळं बांधली, त्याच्या मुलखातले आपण. आपल्या आज्जीची भाषा वेगळी होती हे कळल्याने आपलं घर परकं होत नाही.

दगडांनंतर कागदांचीही तीच तऱ्हा. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं काढली आणि तलाठी नेमले. निर्णय योग्यच होता. पण पिढ्यान् पिढ्यांची मोडी दप्तरं ज्या घरांत होती तिथे ती निरुपयोगी झाली. काही कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधून सुखरूप आहेत, काही माळ्यावर वाळवीने खाल्ली, काही बंबात गेली. त्या रुमालांत बांधाची भांडणं आहेत, बलुत्याचे तंटे आहेत, म्हणजे गाळलेला बाराचा कॉलम थोडाफार तिथे सापडेल. मोडी शिकायला फार दिवस लागत नाहीत. गावागणिक एक पोरगं किंवा पोरगी मोडी शिकली तरी केवढं काम होईल!

असो. उपदेश फार झाला. पुढच्या यात्रेच्या स्मरणिकेसाठी कुणी तुमच्याकडे लेख मागितला, तर शिवाजी महाराज गावात येऊन गेले की नाही हे ज्याला लिहायचं त्याला लिहू द्या. तुम्ही देवळामागच्या उकिरड्याशेजारी पडलेल्या दगडावर पाणी ओता, नारळाच्या शेंडीने हलकेच पुसा आणि तिरप्या उन्हात त्याचा फोटो काढून छापा. खाली लिहा, 'वाचता येत नाही, कुणाला येत असल्यास कळवावे.' जाहिरातींच्या त्या सगळ्या पानांपेक्षा ते अर्धं पान जास्त दिवस टिकेल.